शब्दवेध : क्लीन चिट
एखाद्या नेत्यावरचे आरोप बारगळले, की बातमीत हमखास ‘क्लीन चिट’ येते. शब्द वाटतो इंग्रजी, पण त्यातली ‘चिट’ आपल्याकडचीच. इथली चिठ्ठी साहेबाने उचलली आणि तिची ‘चिट’ केली. १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात तिचा एक अर्थ नोकराला दिलेला दाखला असाही आहे. खानसामा, आया नव्या बंगल्यावर काम मागताना जुन्या साहेबाची चिट पुढे करत. वर्तणूक चांगली, एवढाच त्या कागदाचा आधार.

आता तपास यंत्रणेने पुरावा नसल्याचा अहवाल दिला, तरी मथळा ‘क्लीन चिट’चाच. वास्तविक तो अहवाल न्यायालय फेटाळू शकते. खटला उभा राहण्याआधी आरोपी सुटला तर दोषमुक्ती, खटला चालून सुटला तर निर्दोष मुक्तता. बातमीदारांनी हे शब्द नेमकेपणाने वापरावेत.