सालीवरून ओळखा वृक्ष

फाल्गुन-चैत्रात सह्याद्रीतील पानझडी रान उघडेबोडके होते. पाने झडलेली, अनेक वृक्षांवर फुलेही नसतात. अशा वेळी वृक्षाची ओळख पटते ती प्रामुख्याने त्याच्या सालीवरून. ही ओळख केवळ हौसेची बाब नाही. याच दिवसांत शहरालगतचा निष्पर्ण वृक्ष ‘वाळलेला’ समजला जाण्याची आणि त्यावर कुऱ्हाड पडण्याची भीती असते.

‘कठीण लाकूड’ ही संज्ञा प्रत्यक्ष कठीणपणावर अवलंबून नाही. देवदार, चीड यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांचे ते मऊ लाकूड आणि द्विदल सपुष्प वृक्षांचे ते कठीण लाकूड, अशी ही विभागणी आहे. म्हणूनच आगकाड्यांसाठी वापरले जाणारे काटेसावरीचे हलके लाकूडही याच वर्गात मोडते. तिच्या कोवळ्या खोडावरील शंकूसारखे काटे दुरूनही नजरेत भरतात.

खोडाचा घेर वाढत जातो, तशी बाहेरची मृत साल ताणली जाते. ती कशी फाटते, हे प्रत्येक जातीत वेगळे असते.

ऐन : साल काळपट करडी. उभ्याआडव्या खोल भेगांमुळे तिचे चौकोनी तुकडे पडतात आणि खोड मगरीच्या पाठीसारखे दिसते.

अर्जुन : ऐनाचाच जवळचा नातलग, दोघांच्याही फळांना पाच पंख असतात. साल मात्र अगदी निराळी – गुळगुळीत, फिकट करडी, मोठ्या पातळ पापुद्र्यांनी सुटणारी. हा वृक्ष बहुधा नदी-ओढ्यांच्या काठी आढळतो.

साग : साल करडी-तपकिरी व तंतुमय, उभ्या उथळ भेगांची. कोवळ्या फांद्या चौकोनी असतात. कोवळे पान चुरगाळल्यास बोटे लाल होतात.

नाणा : राज्यपुष्प ताम्हणाचा हा सगोत्र. पांढुरकी, गुळगुळीत साल कागदासारखी सोलून निघते.

खैर : गडद, खडबडीत साल लांब अरुंद पट्ट्यांनी सुटते व आतून तांबूस दिसते. फांद्यांवर आकड्यांसारख्या काट्यांच्या जोड्या असतात. कात मिळतो तो याच्या गाभ्याच्या लाकडापासून.

बिबळा : साल करडी, खडबडीत, भेगाळलेली. इजा झाल्यास रक्तासारखा लाल चीक पाझरतो. बी मधोमध असलेली चपटी, गोल, पंखधारी फळे झाडाखाली पडलेली दिसतात.

केवळ सालीवर विसंबून निष्कर्ष काढणे मात्र योग्य नव्हे. लहान झाडाची साल आणि वयस्क वृक्षाची साल यांत पुष्कळ फरक पडतो. दगडफुलामुळे रंगही बदललेला भासतो. म्हणून पूर्ण वाढलेल्या वृक्षाचे खोड छातीच्या उंचीवर पाहावे आणि बुंध्याशी पडलेली पाने-फळे यांच्याशी ताळा घ्यावा. ओळख पटवण्यासाठी खोडावर कोयता चालवू नये. सालीच्या आतल्या थरातूनच पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाते. खोडाभोवतीची साल पूर्ण कड्याने काढल्यास वृक्ष हळूहळू मरतो. जखमेतून बुरशी व किडीही आत शिरतात.

निष्पर्ण झाड जिवंत आहे की मेलेले, हे पाहण्याची रीत सोपी आहे. बारीक डहाळीची साल नखाने किंचित खरवडावी. आत ओलसर हिरवा थर दिसला, तर ती डहाळी जिवंत आहे. तेथे कोरडा तपकिरी रंग आढळला, तरी एकाच डहाळीवरून निर्णय न करता इतर फांद्याही तपासाव्यात आणि पावसाळ्यापर्यंत पालवीची वाट पाहावी.

नागरी भागातील झाड तोडण्यासाठी १९७५ च्या महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार परवानगी घ्यावी लागते. त्या अर्जावर हरकत नोंदवायची, तर ‘एक झाड’ एवढे सांगून भागत नाही. ते कोणते झाड आहे आणि ते जिवंत आहे, हे नागरिकांना ठामपणे सांगता आले पाहिजे. आणि भर उन्हाळ्यात त्याची पहिली साक्ष सालच देते.