महाराज बाडा आणि मराठी पान

श्रीमंगेशाच्या महाजनांना शिंदे घराण्याचे नाव परके नाही. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या शब्दावरून सन १७३९ मध्ये पेशव्यांनी मंगेशी हा गाव देवस्थानास दिला. पुढे महादजींच्या पदरी जिवबादादा बक्षी केरकर यांच्यासारखे गोमंतकीय सेनानी नावारूपास आले. सन १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याजवळ छावणी केली. त्या छावणीचेच ‘लष्कर’ हे शहर झाले आणि गोरखी वाड्यालगतचा महाराज बाडा हा त्याचा मध्यवर्ती चौक ठरला.

दक्षिणेतून तेथे गेलेल्या कुटुंबांपुढे कुळाचार राखण्याइतकाच पानाचाही प्रश्न होता. नारळ, कोकम व उकडा तांदूळ यांची भूमी मागे राहिली होती. चंबळ खोऱ्यात पिकत होती ती बाजरी, गहू, हरभरा, मोहरी. संक्रांतीच्या तिळगुळाला तेथे भाजलेले तीळ आणि गुळाचा पाक कुटून केलेल्या गजकेचा शेजार लाभला. मुरैन्याच्या गजकेस सन २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. प्रांत निराळे, परंतु कडाक्याच्या थंडीत स्निग्ध व उष्ण अन्न घ्यावे हे शहाणपण दोहींकडे एकच होते.

या शहाणपणास आहारशास्त्राचाही आधार आहे. १०० ग्रॅम सालीसकट तिळांत ९०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. आपल्या गोमंतकातील नाचणीत ते ३०० मिलिग्रॅमहून अधिक भरते; सडलेल्या पांढऱ्या तांदळात त्याचा विसावा अंशही नसतो. बाजरीत लोह आहे, आणि भरड धान्यांतील कोंड्यामुळे पचन सावकाश होऊन रक्तातील साखर एकदम चढत नाही. गजकेतील गोडाला मात्र प्रमाण हवेच. म्हणूनच ती ऋतूपुरती खावयाची.

संयुक्त राष्ट्रसंघाने सन २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. तथापि गरिबाचे अन्न म्हणून नाचणी-बाजरी आपल्याच पानांतून उठली, हे विसरता येत नाही. परंपरा म्हणजे पूर्वजांच्या गावचा एखादा पदार्थ दूरदेशी मागविणे नव्हे. ज्या भूमीत राहावे, तिचे धान्य तिच्या ऋतूत देवापुढे ठेवून मग आपण घेणे, ही खरी परंपरा होय. ग्वाल्हेरच्या मराठी घरांनी ती बाजरी-तिळांत जोपासली. आपणही समाराधनेच्या पानात नाचणीच्या आंबिलीस पुन्हा स्थान द्यावे, ही महाजन कुटुंबांस नम्र विनंती.