तळटीप १४ : मैंदर्गी नगरपरिषद

१४. मैंदर्गी नगरपरिषद : अक्कलकोट तालुक्यात नगरपरिषदा तीन : अक्कलकोट, दुधनी आणि मैंदर्गी. कर्नाटकाच्या सीमेलगतचे हे गाव. मराठीइतकेच कन्नडही इथले. एवढ्याशा गावाचे नाव आंतरराष्ट्रीय कायद्याच्या प्रकरणात कशाला, असे वाचकाला वाटेल. कारण असे : करार राष्ट्रे करतात, शहरे नव्हे. करार पाळण्यासाठी कायदे करण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद २५३ने संसदेला दिला. नगरपालिका मात्र राज्यसूचीतला विषय. म्हणजे सही दिल्लीची, नगरपरिषदांचा अधिनियम (१९६५चा) मुंबईचा आणि कचऱ्याची गाडी मैंदर्गीची. उलट बाजूही पाहावी. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाच्या २००१च्या मसुद्यानुसार राज्यसंस्थेच्या कोणत्याही अंगाची कृती, मग ते अंग प्रादेशिक घटकाचे का असेना, त्या राष्ट्राचीच कृती ठरते. नगरपरिषदेला सहीचा अधिकार नाही, पण तिची चूक देशाच्या खाती पडू शकते!

२०१५च्या शाश्वत विकास ध्येयांपैकी अकरावे शहरांविषयी आहे. ते कायद्याने बंधनकारक नाही. त्यातले बरेचसे ७४व्या घटनादुरुस्तीने (अंमल १ जून १९९३) जोडलेल्या बाराव्या अनुसूचीच्या १८ विषयांत आधीच होते : पाणीपुरवठा, घनकचरा, पर्यावरणरक्षण. ‘सी-४०’सारख्या जागतिक शहरसंघात मुंबई बसते. छोट्या गावांच्या वाट्याला येते ते राज्याचे ‘माझी वसुंधरा’ अभियान (२०२०पासून) आणि त्याचे गुणांकन. – सं.