रक्त, जात आणि माझी आई

१९१० साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी एका कृष्णवर्णी तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. तो तरुण ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आला होता. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आणि १९५८ साली मध्य भारतात सिकलसेलची नोंद झाली. विदर्भातल्या आमच्या घरात रोग पिढ्यान्‌पिढ्या असावा. नाव मात्र माझ्या धाकट्या भावाबरोबर आले.

थंडी पडली की तो हातपाय आवळून रात्रभर ओरडे. आजी म्हणे, "सुनेनं माहेरून आणलं हे." बाप गप्प. बांधकामावरची मजुरी बुडवून तो रक्ताची बाटली मिळवायला फिरे. बदली रक्त द्यायचे म्हटले की सख्खे नातेवाईक दिसेनासे होत. शाळेने भावाला आळशी ठरवले. दवाखान्यात एकाने आईला ऐकवले, "तुमच्या लोकांचाच रोग हा."

कोणत्या लोकांचा? जिथे हिवताप होता तिथे हे जनुक टिकले, हे १९५४ साली अ‍ॅलिसन यांनी दाखवले. ते ग्रीसमध्ये आहे, अरबस्तानातही आहे. जात रोग निर्माण करीत नाही. पण लग्ने एकाच वर्तुळात फिरत राहिली की दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो, आणि दोघेही वाहक असले की प्रत्येक खेपेला चारांत एक मूल आजारी होण्याची शक्यता असते. सजातीय विवाह हेच जातीचे मर्म, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातील निबंधात मांडले होते. आमच्या वधूवर मेळाव्यांत मात्र आजही पोटजात विचारतात, रक्ताचा अहवाल दडवतात. (यात शिकलेले पुढे आहेत, हे माझे निरीक्षण.)

१९७१ मध्ये अमेरिकेतील ब्लॅक पँथरांनी वस्त्यांतून सिकलसेलची तपासणी सुरू केली. १९७२ साली तिथे कायदा झाला आणि त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पँथरांचा हा रक्ताचा अध्याय आमच्या वस्तीत कोणी सांगितला नव्हता. तिथेही तपासणीचा काच झालाच: निव्वळ वाहक असलेल्यांना नोकऱ्या आणि विमे नाकारले गेले. आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वात घेतले. सरकारी नोकरीतल्या चार टक्क्यांत मात्र त्याला जागा नाही. २०२३ पासून निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम चालू आहे. कार्डे वाटली जातात, पण कार्ड घेऊन मुलगी सासरी गेल्यावर काय होते, हे कोण पाहतो?

गेल्या वर्षी माझा अहवाल आला. मी वाहक आहे. दोन स्थळे त्यावरून फिरली. तो कागद मी आईला समजावून सांगत होतो: एक दोष आईकडून, एक बापाकडून, तेव्हाच आजार होतो. आजी तेव्हा हयात नव्हती, बापही नव्हता. आईने कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला.

"मंग अर्धं तुया बापाकडूनबी आलं होतं का रे?"