गृहसंगणकातील जलशीतन : एक टिपण

‘जलशीतन’ या शब्दाने एक गैरसमज रूढ केला आहे. पाणी उष्णता नाहीशी करीत नाही; ते ती प्रक्रियकावरून उचलून रेडिएटरपर्यंत नेते, व तेथे पंखा ती खोलीतील हवेच्याच स्वाधीन करतो. म्हणून अशा योजनेत प्रक्रियकाचे तापमान खोलीच्या तापमानाखाली जाणे शक्य नसते. ‘उष्णतेची वाहतूक’ म्हटले असते, तर अर्थ अधिक उघड झाला असता!

आय.बी.एम.च्या मोठ्या यंत्रांत पाणी १९६०च्या दशकातच शिरले होते. १९९०च्या दशकात सीमॉस मंडले आल्यावर ते बव्हंशी मागे पडले. मेजावरील संगणकाची कथा याहून उद्बोधक आहे. जून २००३ मध्ये स्टीव्ह जॉब्झ यांनी वर्षभरात ३ गिगाहर्ट्‌झ गाठण्याचे वचन दिले. जून २००४ मध्ये अ‍ॅपलने आणलेला पॉवर मॅक जी-५ मात्र २.५वरच थांबला, आणि तेवढ्यासाठीही द्रवशीतन योजावे लागले. पुढे काही यंत्रांत तो द्रव गळून आतील भाग निकामी झाले. तथापि खरी अडचण गळतीची नव्हती, असे माझे मत आहे. जून २००५ मध्ये इंटेलकडे वळताना जॉब्झ यांनी जे कारण पुढे केले, ते वेगाचे नव्हते. एका वॅटमागे किती काम होते, याचे होते.