आगोटीची बेगमी

वळवाचे ढग दिसू लागले की आपल्याकडे घरोघर आगोटीची लगबग सुरू होते. पापड-कुरडयांच्या जोडीला सुके बोंबील, जवळा, सोडे, खारा बांगडा डब्यांत भरला जातो. आपल्याला ही बेगमी पावसाळ्यातील रुचिपालटापुरती वाटते. परंतु ज्या भगिनी ती पाटीतून आपल्या दारी आणतात, त्यांच्या संसाराचा ती पिढ्यान्‌पिढ्यांचा आधार आहे. त्या आधाराचा हा थोडक्यात इतिहास.

समुद्रावरचा धंदा बारमाही नव्हे. पावसाळा तोंडावर आला की दर्या खवळतो, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून त्या पुन्हा पाण्यात लोटतात. आता तर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना कायद्यानेच बंदी असते. त्या दिवसांत चूल पेटती राहावी, म्हणून किनाऱ्यावरील स्त्रियांनी एक रीत घालून दिली: सुगीतली सारी मासळी आजच विकून टाकायची नाही, काही उन्हाच्या स्वाधीन करायची.

बोंबलाचेच पाहा. या माशात जवळजवळ नव्वद टक्के पाणी. बर्फ नव्हते तेव्हा तो ताजा दूर नेणे शक्यच नव्हते; आणि वेसावे, उत्तन, वसई, अर्नाळा, सातपाटी या गावांच्या डोल जाळ्यांत तो ढिगांनी येई. तेव्हा दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी बांबूंना बांधलेल्या दोरीवर टांगायची. ऊन आणि वारा पुढचे काम करतात. मिठाचा कणही लागत नाही. असा सुका माल डोक्यावर घेऊन बायका आतल्या गावी जात आणि त्याच्या बदल्यात भात घेऊन परतत. पावसाळ्याची बेगमी अशी दोन्हीकडची होई.

दक्षिण कोकणात मात्र गोष्ट वेगळी. तेथला बांगडा तेलकट; नुसत्या उन्हाने तो टिकत नाही, त्याला मीठ हवेच. आणि मिठावर इंग्रज सरकारचा कर होता. १८८२ साली तो मणामागे २ रुपये होता, १८८८ साली अडीच रुपये झाला. त्या वेळचा सरकारी मण म्हणजे सुमारे ३७ किलो. ज्या घरी मिठाची पोती लागत, त्या घराला हा भार केवढा असेल! मत्स्यखात्याचे अधिकारी फ्रान्सिस डे यांनी १८७३ साली हिंदुस्थानातील सागरी मासेमारीवर अहवाल दिला. पुढे मद्रास इलाख्यात व आपल्या रत्नागिरी-कारवार किनाऱ्यावर मासे खारवण्याची सरकारी आवारे निघाली. तेथे मीठ स्वस्त मिळे, हे खरे. परंतु मासा त्या कुंपणाच्या आत, सरकारी नजरेखालीच खारवावा लागे.

१९३० साली शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. खाऱ्या मासळीवर जगणाऱ्या घरांना या कराचा अर्थ कोणी वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती. हा कर १ एप्रिल १९४७ पासून उठला.

स्वातंत्र्यानंतर होड्यांना यंत्रे बसली, बर्फाचे कारखाने व शीतगृहे आली, कोळंबी परदेशी जाऊ लागली. पुष्कळ घरांत त्यामुळे चार पैसे आले. तथापि मासळी मोठ्या बंदरांत उतरू लागली, लिलावात मोठे व्यापारी उभे राहिले आणि पाटीवाली मागे सरली. मासेमारीच्या नियमनासाठी राज्याने १९८१ साली कायदा केला. २०१६ साली पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले. हे आवश्यकच होते. परंतु कायद्याने जाळी व नौका यांचा विचार केला, तेवढा वाळवणीच्या जागेचा झालेला नाही. शहर वाढते तसतशी ती मोकळी वाळू इमारतींखाली, रस्त्यांखाली आणि उभ्या वाहनांखाली जाते. ज्या जागेवर घराचे दोन महिने अवलंबून असतात, ती पाहणाऱ्याला रिकामी वाटते!

त्यात हवामानही बदलले आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाचा अवकाळी पाऊस आला, तेव्हा किनाऱ्यावर वाळत घातलेली मासळी भिजून गेली. ताज्या मासळीची खोट दुसऱ्या दिवशीच्या जाळ्यात भरून निघेलही; वाळवण भिजले की पुढच्या पावसाळ्याची शिदोरीच जाते.

म्हणून मागणी मोठी नाही: वाळवणीच्या जागा कागदोपत्री नोंदल्या जाव्यात, तेथे ओटे व छप्पर व्हावे, आणि नुकसानीचे पंचनामे होताना फुटलेल्या नौकेबरोबर भिजलेला बोंबीलही मोजला जावा. भगिनींनो, मंडळ म्हणून आपण ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत एवढे तरी सांगू शकतो. आणि यंदा आगोटीला पाटीवाली दारी आली की घासाघीस करण्यापूर्वी तिला आधी पाण्याचा तांब्या द्यावा, आणि माल कुठे वाळवता, हे विचारावे.