धंद्यात पडावे असे माणसाला का वाटते?

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पण आज सोयरीक जुळवताना हा क्रम कोण पाळतो? सरकारी नोकरीवाला मुलगा आधी बघतात, दुकानवाला नंतर, आणि शेतीवाल्याचे काय होते ते शिरपूरच्या मंडळींना आम्ही सांगायला नको. अशा हवेत एखाद्या पोराच्या मनात धंद्याचा विचार येतो कसा, आणि टिकतो कसा, हा आजचा आपला प्रश्न.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, म्हणून सुरुवात ॲरिस्टॉटलपासून करतो. तो म्हणतो, इच्छा अशक्याचीही धरता येते, अगदी अमरत्वाचीसुद्धा. निवड मात्र आपल्या हातात असलेल्या गोष्टीचीच होते. १९९१ साली मानसशास्त्रज्ञ आइसेक आझेन यांनी नियोजित वर्तनाचा सिद्धांत सविस्तर मांडला, त्यातही हेच सूत्र सापडते. कोणताही इरादा तीन गोष्टींवर उभा असतो. ते काम आपल्याला कसे वाटते? आपली माणसे काय म्हणतील? आणि हे आपल्याला जमेल का?

आता लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे बघा. जन्म १८६९ चा, बेळगाव भागातला. मुंबईला जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले, पण डोळ्यांना रंग नीट ओळखता येत नव्हते. मग यंत्रांची रेखाचित्रे शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तिथे बढतीत त्यांना डावलले गेले आणि त्यांनी नोकरी सोडली. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर अपमानाने दिले, असे म्हणता येईल. पण अपमान तर हजारोंचा होतो! सगळे काही कारखाना काढत नाहीत.

फरक उरलेल्या दोन प्रश्नांत आहे. लक्ष्मणरावांचा हात यंत्रावर बसलेला होता. बेळगावात बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचे दुकान चालवले, मग कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर. म्हणजे 'जमेल' हा विश्वास एकेका कामातून वाढत गेला. नांगर मात्र खपेना. लोखंडाने जमीन नासते, असे शेतकरी म्हणत. हा काळ त्यांनी काढला तो घरचे माणूस पाठीशी होते म्हणून.

पुढे बेळगावची जागा नगरपालिकेला हवी झाली आणि कारखाना उठवायची वेळ आली. तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली, दहा हजार रुपये कर्ज दिले. १९१० साली कुंडल स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. एका संस्थानिकाने विश्वास टाकला, म्हणजे 'लोक काय म्हणतील' याचेही उत्तर बदलले.

'उद्योजक जन्मावा लागतो' असे आपण सहज म्हणून जातो. त्यात आपली सोय असते. आपल्यावर काही जबाबदारी येत नाही. या इतिहासातून दिसते ते असे, की जिद्द लक्ष्मणरावांची होती, पण ती टिकवायला बंधू लागले, राजा लागला.

म्हणून पालकांना आमचे एवढेच सांगणे. कर्ज कुठल्या योजनेत मिळते ते पोराला नंतर कळेल. आधी त्याला घरातला पंप उघडून बघू द्या, बाजारात काही विकून बघू द्या. आणि त्याचा पहिला माल त्या नांगरासारखा पडून राहिला, तर घरात त्याला काय ऐकावे लागेल, ते आजच ठरवून ठेवा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.